पाचवा खेळाडू

(दुपार. कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला बाकावर तिघेजण.)

भाई : माजा मत स्पष्ट आसा. तिसऱ्या वर्षाक स्टॅनलीक बाहेर बसवूक व्हयो. तोपर्यंत तेची ढोपरां गेलेली असतली.

पेद्रू : कॅप्टनाक बाहेर बसवतलस?

भाई : कॅप्टन केलास तर संपलाच. डोक्यात हवा जातली. युनिव्हर्सिटीची फायनल तेच्यामुळेच हरतलो आपण.

पेद्रू : सहा फूट तीन इंच आसा तो. माज्या बेकरीत येताना दारात वाकता. तो असताना हरतलो कसो?

सर : माफ करा हं, मला खेळातलं फारसं कळत नाही. पण फायनलच्या आधी पहिली मॅच जिंकावी लागते ना? गेल्या वर्षी आपण एकसष्ट-चार हरलो.

भाई : ते चार पण धरू नकात. त्यातले दोन तेंच्याच पोरान चुकान स्वताच्याच बास्केटात घातले.

सर : शिवाय यंदा आपल्याकडे चारच मुलं उरलीत. प्राचार्यांनी सांगून टाकलंय, पाचवा मिळाला नाही तर संघ बंद, आणि कोर्टावर पर्यटकांच्या गाड्या लावायच्या.

पेद्रू : मगे आमी तिघांनी संध्याकाळी बसाचा खंय? दुसरो प्रेक्षक तरी आसा काय ह्या टीमचो?

भाई : घाबरू नकात. पाचवो गावलो. मी देवळात कौल लावलंय. गाऱ्हाण्यात स्टॅनलीचा नाव, गाव, उंची, सगळा सांगितलंय. देवान उजवो कौल दिल्यान.

पेद्रू : पोरगो आमच्या इगर्जीचो, आणि कौल तुज्या देवाचो?

भाई : तारकर्लीच्या शिवेत ऱ्हवता ना? शिवेच्या आत सगळे देवाचेच.

पेद्रू : म्हणानच मीया सांत आंतोनीक मेणवात लावलंय. एकट्या तुज्या देवार सोडूचा नाय, म्हटला.

सर : आणि स्टॅनलीला कोणी सांगितलं?

भाई : काय?

सर : की त्याला आपल्या कॉलेजात यायचंय.

भाई : माका वाटला, पेद्रू सांगतलो. तेंच्यातलो तो.

पेद्रू : मीया सांत आंतोनीक सांगितलंय.

सर : प्रवेशाची शेवटची तारीख आज आहे. पाच वाजता खिडकी बंद होते. आता साडेतीन झालेत.

भाई : देवान हो म्हटल्यार अर्ज कित्याक?

सर : अर्ज माझ्याकडे आहे. तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोय.

पेद्रू : आणि दिलास नाय?

सर : दोनदा त्याच्या घरी गेलो होतो. तीस वर्षं लायब्ररीत काढली हो, माणसं माझ्याकडे यायची, मी कधी कोणाच्या दारात गेलो नाही. त्याची आई, इनासियाबाई, बाहेर आल्या. काय हवं म्हणाल्या. मी समुद्राकडे जायचा रस्ता विचारला.

पेद्रू : तारकर्लीत? थयसून समुद्र दिसत नाय होतो?

सर : दिसत होता.

भाई : आणि दुसऱ्यांदा?

सर : दुसऱ्यांदा त्यांनीच हात करून दाखवला.

पेद्रू : सायबा! घेवा फोन. नंबर मी सांगतंय.

सर : पण त्याला खेळता तरी येतं का? कोणी पाहिलंय?

पेद्रू : फेस्ताच्या आदल्या दिवशी इगर्जीतलो बल्ब स्टुलाशिवाय बदलल्यान. मीया स्वता बघलंय.

भाई : मगे आणखी काय व्हया? तेच हात, तोच नेम. लावा फोन.

(सर फोन घेऊन खांबाआड जातात. बराच वेळ नुसतं “हो”, “हो ना” ऐकू येतं.)

भाई : काय म्हणालो?

सर : म्हणाला, मला बास्केटबॉल येत नाही.

पेद्रू : आणि तुमी काय सांगितलास?

सर : मी म्हटलं, आमच्यात कोणालाच येत नाही.

भाई : असा सांगतत काय कोण? गेलो हातातसून. आता तो येवचो नाय.

सर : “मगे येतंय” म्हणाला. निघालाय.