परीक्षेला न येणारी नळी

अहो, बसा म्हणून काय सांगता, बसवतंय का माणसाला? आत चार दिवसांची नात हाय माझी, त्या काचेच्या दारामागं, आणि हा वॉचमन मलाच म्हणतो, "काका, फेऱ्या मारू नका, आत्ताच फरशी पुसलीय!" आता फरशीला जपू का नातीला? तुम्हाला सांगतो, लातूरहून नांदेडला ॲम्ब्युलन्समधी आणलं तिला, ओठ जांभळे, नखं जांभळी... हाताला सलाईन, आणि ते कशापायी? तर तिच्या हृदयाजवळची एक नळी बंद पडू नये म्हणून!

त्या नळीचं मला विचारा! भूकंपानं गावातली शाळा पडली, तवापासून लातूरच्या क्लासात जीवशास्त्र शिकवतोय. डोळे झाकून आकृती काढतो. पोटातल्या बाळाला ही नळी उघडी, जन्मलं की दोन-तीन दिवसांत आपोआप बंद. एका मार्काचा प्रश्न, चला पुढं!

पण एक पोरगी होती, उमरीची, समीक्षा. सदा हात वर. "सर, ती नळीच एखाद्या बाळाला जगवत असली तर?" म्हणलो, परीक्षेला येत न्हाई, बस खाली! दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. परीक्षेला येत न्हाई! आमच्याकडं दर रविवारी टेस्ट, मार्कांवर बॅच ठरायची. हिनं टेस्टमधी चारी पर्याय सोडले आणि बाजूला लिहिलं, "सगळ्या बाळांचं सांगता येत नाही." लई शहाणी! दिली ए बॅचमधून डी बॅचमधी ढकलून.

आता परवा लातूरचे डॉक्टर म्हणले, फुफ्फुसाकडं जायचा रस्ता जन्मापासून बंद हाय, सगळं रक्त त्या नळीतनंच चाललंय, ती बंद झाली की पोर हातची जाईल. आणि मी काय म्हणावं? "अहो, पण ती तर आपोआप बंदच व्हायला पाहिजे! हजारो पोरांकडनं पाठ करून घेतलंय मी!" माझा श्रीनाथ, पोरीचा बाप, म्हणला, बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा. जीभ हासडून घ्यावी वाटली हो.

आणि आत कोण हाय, सांगा? पेनाच्या रिफिलीएवढी जाळी मांडीतल्या शिरेतनं वर न्यायची, नळीत बसवायची, म्हणजे नळी उघडी राहती. त्यासाठी हैदराबादहून डॉक्टर बोलावली. तिनं मास्क खाली केला... "सर, ओळखलं का? डी बॅच."

मेलो! मी हात जोडायला गेलो, तर तीच माझ्या पाया पडली. अगं, पाया कसली पडतीस, आत जा! दोन तास झाले त्याला. जाळी सरकली तर? नळी आखडली तर? कुणाला विचारू? परीक्षेला येत न्हाई ना! भूकंपात ढिगाऱ्याखालनं माणसं काढली मी, आणि हितं नुसत्या फेऱ्या मारतोय.

थांबा... दार उघडलं. समीक्षा! बाई, काय झालं? ...बसली? ओठ गुलाबी? अरे श्रीनाथ, ऐकलंस का! ...काय म्हणतीस? सहा महिन्यांपुरतीच? मग मोठं ऑपरेशन? बरं... आणि त्याच्या पुढं? "पुढचं आत्ताच सांगता येत नाही, सर." हां... "अजून काय विचारायचंय? कितीही विचारा, सर."

मी? ...न्हाई बाई.

अहो, सरका जरा. बसतो मी खाली.