दोन लेकरं, एकच तारीख

वाढदिवसाचा विषय काढलाच हाय, तर सांगते. नामांतराचे मोर्चे निघत होते, वाळूजला कारखाने उठत होते, तव्हाची गोष्ट. माझा थोरला सुदाम मेंढरांच्या रोगांवर लई शिकलेला. जर्मनीतल्या विद्यापीठानं त्याला संशोधनाची नोकरी देऊ केली, पण व्हिसा अडला. जोडलेल्या घरच्या कागदांत त्याची अन् धाकट्या भावाची जन्मतारीख एकच, एक जून, सालबी तेच. आमी मेंढरांमागं फिरणारी माणसं. देवगावच्या मास्तरनं दोघांना एकाच दिवशी शाळेत घेतलं अन् एकच तारीख टाकली. व्हिसावाल्यांनी आईचं शपथपत्र मागितलं.

शपथपत्र करायला तहसील कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, "मावशी, जुळे आहेत म्हणा, अंगठा द्या. काम झालं."

"जुळे नायत, साहेब. ह्यो दोन वर्सांनी मोठा."

सुदाम कानाशी लागला, "आई, व्हय म्हण ना! नोकरी जाईल माझी."

"शपथेवर? साहेब, पोरं मी जन्माला घातली, तारीख मास्तरनं घातली. तसंच लिहा."

साहेब जरा हसले अन् तसंच लिहिलं. म्या अंगठा दिला.

बाहेर आल्यावर सुदाम चिडला, "आता व्हिसा बुडाला तर?"

"बुडू दे. धाकटा होईस्तोवर दोन वर्सं तू एकलाच व्हतास माझ्यापाशी. ती मी कुठल्या कचेरीत खोडू देणार नाय."

महिन्यानं व्हिसा आला. निघायच्या दिवशी पोरगा पाया पडायला वाकला, अन् माझ्या मनात आलं, बुडालाच असता तर काय बिघडलं असतं?