घरात कुणालाच नाही

हॅलो? … हो मावशी, मीच. … नाही गं, सुट्टी काढलीय. सकाळी बाळाला समोरच्या दवाखान्यात दाखवून आणलं ना… अगं पुरळ! लाल, खरखरीत. … हो, आधी गालच. … हो, मग कोपरांवर. … हो, चादरीवर तोंड घासतो सारखा. पण तू तर फिरकली पण नाहीस इकडे, आईने सांगितलं का तुला? … नाही? मग कसं…

बरं, ऐक ना. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. रक्त-बिक्त काही काढलं नाही. म्हणाल्या, हे बघून आणि विचारून ओळखायचं. मग तेच तेच विचारत बसल्या. घरात कुणाला इसब? दमा? खाण्यातलं काही बाधतं? … तीनदा गं! … काय सांगणार? कागदावर लिहून दिलं, घरात कुणालाच नाही. आई शेजारीच बसली होती की. … हो, हो… अगं मला बोलू तर दे! म्हणाल्या, मग घामोळं असेल, मलम लावून बघू.

हातमोजे? आहेत ना. आईनेच आणलेत, खाजवू नये म्हणून. … जुनेच, धुऊन धुऊन मऊ झालेले. … हो, पिवळ्या नाड्यांचे. … ती आली त्याच दिवशी घातले, बाळ आठवड्याचं होतं तेव्हा… थांब. पुरळ तर गेल्या महिन्यात आलं.

मावशी, कुणाचे आहेत ते मोजे?

अगं… रडतेयस?

रडू नकोस, नीट सांग. … माझ्या आधी? … मला भाऊ होता? … किती महिन्यांचा? … आठ. … लोक उचलून घ्यायचे नाहीत? का, आपल्यालाही होईल म्हणून? असं कुणाचं कुणाला होत नाही गं ते! … आणि म्हणून त्याचं नावच काढायचं नाही असं ठरवलंत सगळ्यांनी? वा! धन्य आहे तुमची!

गेला कशाने? … पुरळाने कुणी जात नाही, मावशी. … काय भरवलं होतं? … परत सांग.

अंडं.

…नाही, ऐकतेय. अगं मी… मी आजच दिलं त्याला. सहा महिन्यांचा झाला ना, म्हणून पहिल्यांदाच, दोन चमचे. बाईच म्हणाल्या, घरात कुणाला ॲलर्जी नाही ना, मग द्या बिनधास्त. … वीस मिनिटं झाली असतील. … आई अंघोळीला गेली होती. बाहेर आली, वाटी पाहिली आणि त्याला घेऊन खोलीत गेली. मला वाटलं, झोपवतेय.

कसली शिट्टी ऐकू येतेय तुला? … शेगडीवर काही नाही. खिडकी बंद आहे. … थांब, आत जाऊन बघते.

आई? … मावशी, ती त्याचे दोन्ही हात घट्ट धरून बसलीय. हलत नाहीये जागची. … तो जागाय. अगं ओठ! ओठ सुजलेत त्याचे! … त्याच्या छातीतून येतेय ती शिट्टी… आई, सोड! दे त्याला माझ्याकडे! … काहीतरी पुटपुटतेय… म्हणतेय, "थांबेल आपोआप. त्याची पण थांबली होती."

ठेव, मावशी! पळतेय मी दवाखान्यात… हो, सांगते बाईंना, सगळं सांगते… ठेव फोन!