त्र्यंबकनानांचं परदेशी मासिक

मंडळी, ऐका! पाठ टेकून बसलेल्यांनी जरा सरसावून बसा. आणि ज्यांचे मोबाइल खिशात कुरकुरतायत, त्यांनी त्यांना थोपटून झोपवा — कारण आजचा प्रश्न अवघड आहे!

काल कीर्तन संपलं आणि एक निवृत्त गृहस्थ मला खांबाआड घेऊन गेले. म्हणाले, "बुवा, एक शंका आहे." मला वाटलं, मोक्षाची असेल! निदान द्वैत-अद्वैताची असेल! छे! म्हणतात कसे — "परदेशात एक मासिक निघतं. निवृत्त माणसानं कोणत्या देशात जाऊन सुखानं राहावं, ते छापतात. वर्षाची वर्गणी चार हजार. भरू का नको?"

हसू नका! अहो, हसू नका! गृहस्थ इथेच बसलेत, आणि त्यांनी फार मोठा प्रश्न विचारलाय! आपण जिथे नाही, तिथलं सुख दर महिन्याला टपालानं मागवावं का? आणि मागवलं, तर ते खरोखर केवढ्याला पडतं? चार हजाराला? का जास्त? पेटीवाले, सूर द्या —

देह एक, गावे दोन,
सांग, घरी राहतो कोण?

ही ओळ कोणा संतांची नाही हं, माझीच आहे. वाईट असली तर शिव्या मला द्या! पण प्रश्न ध्यानात ठेवा, आणि आता बोरखिंडीला चला.

बोरखिंडी नावाचं गाव. तिथे त्र्यंबक फडतरे राहत. सगळे नाना म्हणत. एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक! माणूस असा, की बंद पडलेल्या गाडीशी दोन मिनिटं उभा राहिला की सांगायचा — "पंप गेलाय." उघडून बघावं, तर पंपच गेलेला! छत्तीस वर्षं अशी काढली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांचं भाषण मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, अंघोळ केली, सायकल काढली आणि निघाले!

बायको अनसूयाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, कुठे?"

नाना फाटकापाशी थांबले. कुठे? ... सायकल वळवली आणि भिंतीला लावून ठेवली.

तुमच्यापैकी किती जणांना ही सकाळ माहीत आहे? हात वर करू नका, मला चेहऱ्यांवर दिसतंय!

असे दिवस चालले असताना अनसूयाबाईंचा भाचा घरी आला. बोटीवर नोकरीला होता. जाताना एक मासिक विसरून गेला. गुळगुळीत कागद! मुखपृष्ठावर एक म्हातारा, एक म्हातारी, पांढरे केस, निळ्या खुर्च्या, मागे समुद्र — आणि दोघंही अशी हसतायत, जशी काही त्यांना गुडघेच नाहीत!

नानांनी ते उघडलं. आता नानांचं इंग्रजी म्हणजे गास्केट, पिस्टन, क्लचप्लेट! पण डिक्शनरी मांडीवर घेतली, आणि शब्दाला शब्द जोडत वाचायला लागले. मार्था आणि वॉल्टर हे जोडपं थंड देशातनं उठून दक्षिण अमेरिकेतल्या एका गावी राहायला गेलं होतं. बाराही महिने मऊ ऊन! हातभर लांब पपया! कोणाची कटकट नाही!

नानांनी वर्गणी भरली. दर महिन्याला अंक यायला लागला. नाना पोस्टमनची वाट बघायला लागले. चेहऱ्यावर तेज आलं, मंडळी! खोटं कशाला सांगू? मासिकानं माणूस उठून बसला! इथपर्यंत वर्गणी वसूल!

पण पुढे ऐका.

अनसूयाबाई म्हणाल्या, "परसात पेरूचं रोप लावू या का?"

"अगं, फळ धरायला तीन वर्षं लागतात. तोवर आपण इथे असणार का? आता जायचंच आहे ना!"

तीन वर्षं गेली. नाना कुठे गेले? कुठेही नाही! स्वयंपाकघराची कौलं गळायला लागली. "आता जायचंच आहे ना!" — खाली बादली ठेवली. रामनवमीचा सुंठवडा करायला बोलावणं आलं. "आता नवीन कामं कशाला गळ्यात घ्यायची? जायचंच आहे ना!" मित्र आधी थट्टा करायचे, मग विचारायचे, मग विचारेनासे झाले. नाना ओट्यावर बसून कोणत्या गावात भाजी स्वस्त, कोणत्या गावात डॉक्टर जवळ, ते वहीत उतरवून काढत. आणखी तीन वर्षं गेली. पेरू चारदा धरला असता, मंडळी! चारदा!

सातव्या वर्षी नानांनी ठरवलं. आता बस्स! घर विकायचं, फंडाचे पैसे त्यात घालायचे आणि जायचं! शेजारच्या आळीतले पोपटराव जगदाळे जागा बघून गेले. भाव ठरला, दिवस ठरला.

नानांनी बायकोला सांगितलं. अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं. तुम्ही पोचलात की पत्र टाका."

"म्हणजे? तू येणार नाहीस?"

"मला कुठे विचारलंत? सात वर्षं तुम्ही त्या पुस्तकाशीच बोलताय."

नाना उठून ओट्यावर जाऊन बसले.

तरी माणूस वर्कशॉपमधला हो! जुनी गाडी घ्यायची, तर आधी ती चालवणाऱ्याला विचारणार. म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच, मासिकाच्या पत्त्यावर, मार्था आणि वॉल्टर यांना पत्र धाडलं होतं. प्रश्न काय काय? तांदूळ मिळतो का? दूध कसं लिटर? समुद्राच्या वाऱ्यानं पाठ धरते का? आणि सगळ्यात खाली, दोनदा खोडून लिहिलेला एक प्रश्न — तुम्ही सुखात आहात का?

उत्तर काही आलं नव्हतं.

ठरलेला दिवस उजाडला. अकराच्या सुमाराला पोपटराव विसार घेऊन हजर! कागद मांडला, पेन उघडलं — आणि फाटकाशी पोस्टमन! "नाना, परदेशी तिकीट आहे हो!"

नानांनी पेन खाली ठेवलं. पाकीट फोडलं. मार्थाबाईंचं अक्षर!

अनसूयाबाई आतून बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा. आणि मराठीत. मलाही कळू दे."

नाना वाचायला लागले, अडखळत, एकेक ओळ मराठीत आणत. बाईंनी लिहिलं होतं —

"तांदूळ मिळतो. दूध महाग आहे. पाठ धरते. तुम्ही पाहिलेल्या फोटोतली गच्ची आमची नाही, ती एका हॉटेलची. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, कोंबड्या दिसतात. फोटो काढून मंडळी गेली, आणि तशा खुर्च्यांवर आम्ही पुन्हा कधी बसलो नाही."

पोपटरावांनी घड्याळ बघितलं. नाना वाचतच होते.

"पहिला महिना आम्ही नुसते बसलो. वॉल्टर म्हणाला, इथं मी मरेन. मग एके दिवशी तो शाळेतला गळका नळ दुरुस्त करून आला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पंखा घेऊन दारात उभं! मी शेजारणीकडून मका दळायला शिकले, ती माझ्या दळण्याला हसते. वॉल्टर मागच्या वर्षी वारला. सगळं गाव आलं होतं. तुम्ही विचारलंत, सुखात आहात का? आहे. एकटी आहे, पण सुखात आहे. इथं आहे, आणि तिकडे आमच्या देशातच राहिले असते तरी असतेच, असं आता वाटतं. तुम्ही मेकॅनिक आहात, असं लिहिलंत. मग सांगा, तुम्ही तुमच्या गावात काय काय दुरुस्त करता?"

पत्र संपलं.

काय दुरुस्त करता? मंडळी, दहा हजार मैलांवरून एका विधवा बाईनं साधा प्रश्न विचारला हो! आणि तोही छत्तीस वर्षं एसटीच्या गाड्या उठवणाऱ्या माणसाला! आत स्वयंपाकघरात बादलीत कौलाचं पाणी!

पोपटराव म्हणाले, "नाना, सही?"

"नाही, पोपटराव. आज नाही. बहुतेक कधीच नाही."

"अहो, शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. चुकलं माझं. तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे."

पोपटराव रागावले! फाटक असं आपटलं की कुत्री भुंकली! ती भुंकायची थांबली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला — कर्रर्र... कर्रर्र... टक!

नानांनी मान उचलली. "हा आवाज कसला गं? बेअरिंग सुकलंय कशाचं तरी."

अनसूयाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "दोन वर्षं येतोय तो. सदा गुरवाच्या आईची चाकाची खुर्ची. उंबऱ्यापर्यंत येते आणि अडते. म्हातारी दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही."

दोन वर्षं! मध्ये एक भिंत! आणि अलीकडे कोण? हेड मेकॅनिक!

नाना उठले. माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. सात वर्षांची धूळ फुंकली आणि शेजारी गेले. सदाला म्हणाले, "काकूंना जरा पलंगावर बसव." खुर्ची उलटी केली. चाक काढलं, बेअरिंग रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं, वाकलेला दांडा ठोकून सरळ केला. घाम निथळत होता — आणि माणूस गुणगुणत होता, मंडळी! दीड तासात चाक असं फिरायला लागलं, की थांबेचना! उंबऱ्याला दोन फळ्यांचा उतार केला. काकूंना बसवलं, आणि हळूच, अगदी हळूच... बाहेर! उन्हात!

शहाऐंशी वर्षांच्या भागीरथीकाकू. डोळ्यांवर हात धरला. आधी आभाळ बघितलं. मग रस्ता बघितला. रस्त्यावरनं जाणाऱ्या म्हशीकडेसुद्धा अशा बघत राहिल्या, जशी काही लक्ष्मीच चाललीय! आणि मग समोर उभ्या माणसाकडे निरखून बघितलं.

"कोण? त्र्यंबक का रे तू?"

"होय, काकू."

"अरे बाबा!" म्हातारी मोहरून गेली! "सगळे म्हणायचे, त्र्यंबक परदेशात गेला. मी म्हटलं, गेला तो गेला, भेटलासुद्धा नाही. दोन वर्षं झाली की रे! कधी आलास?"

नानांच्या हातात पाना. ग्रीसच्या हातानंच डोळे पुसले, गालावर काळा पट्टा उमटला. म्हणाले —

"आत्ताच, काकू. हा आत्ताच आलो."

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!

पुढच्या महिन्यात नानांच्या ओट्यावर खुर्च्या, कुबड्या, वॉकर यांची रांग लागली. दोन मैलांवरनं लोक यायला लागले. वर्गणी संपली, तेव्हा नाना म्हणाले, "बंद करतो आता." अनसूयाबाई म्हणाल्या, "का? भरा की! मला आवडलं ते. पण आता मोठ्यानं वाचायचं, आणि मी विचारलं तर थांबायचं." आणि मार्थाबाईंना उत्तर गेलं. काय काय दुरुस्त केलं, त्याची दोन पानं!

तेव्हा खांबाआडचे गृहस्थ, ऐका! मासिक घ्यायचं तर खुशाल घ्या. जग बघावं! जावंसं वाटलं तर खरंच जा, बायकोला विचारून जा! पण चार हजार भरून, इथं बसून, इथंच नसल्यासारखे राहू नका! आणि बाकीच्यांनी हसू नका. तुमच्याकडे मासिक नाही, पण मोबाइल आहे! मुलाकडचं अमेरिकेतलं अंगण आहे, न झालेली बढती आहे, न बांधलेला बंगला आहे! तुम्हीसुद्धा कुठे ना कुठे जाऊन बसलेलेच आहात!

आता आरती होईल, प्रसाद घ्या. घरी जाताना शेजारचं दार वाजवा आणि नुसतं एवढं विचारा — "काय हो, मी इथेच राहतो, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?" आणि ते काय म्हणतात, ते ऐकायची तयारी ठेवा!

टाळ उचला! जो आपल्या अंगणात उभा आहे आणि आपण घरी यायची वाट बघतोय, त्याचं नाव घ्या — मोठ्यानं!