नाकात बोलणारा गिऱ्हा

ऐका. कंदील जरा बारीक करा आधी. आणि यमूवहिनी, तुम्ही मध्येच "पुढे काय, पुढे काय" करायचं नाही. पुढचं पुढे येतंच.

तर धाकू मेस्त्री. आपल्या वरच्या वाडीतला सुतार. हात सोन्याचे, डोकं मात्र लाकडाचं. कुणीही काही सांगावं आणि यानं मान डोलवावी. हा धाकू एकदा दिवेलागणीनंतर निघाला. एकटा! पलीकडच्या गावच्या भगताकडून आपल्या घरी. डोक्यावर टोपली, टोपलीत उतारा. एकवीस अंडी, नारळ, दहीभात. आणि वाट कुठली धरली? कोंडीची! ओढ्याचं ते खोल पाणी आहे ना, त्याच्या काठाची.

कशासाठी एवढं? विहिरीसाठी, हो! घरची विहीर नासली होती. पाण्याला अशी घाण यायची, अशी घाण यायची, की तांब्या तोंडाशी नेला की पोटातलं वर यायचं. त्यात लेक शेवंता सात महिन्यांची गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून विहीणबाई बोलणी करायला आली. तिला पाणी दिलं. तिनं तांब्या हुंगला आणि तसाच खाली ठेवला.

"व्याहीबुवा, या पाण्यावर माझ्या सुनेचं बाळंतपण? पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन येते. पाणी चांगलं असलं तर ठेवीन, नाहीतर परत नेईन."

गेली. धाकूची बायको पदरात तोंड घालून रडली. एकुलती एक लेक हो! धाकूला तर अन्न गोड लागेना.

भगताचं म्हणणं, विहिरीत भूत आहे, त्याला खायला घाल. धाकूनं त्याआधीच तीन अमावास्या अंडी, नारळ, भात असं सगळं विहिरीत सोडलं होतं. वास कमी झाला? छे! वाढला! भगत म्हणाला, भूत खादाड आहे, या अमावास्येला एकवीस अंडी घाल. आणि वाटेत तोंडातून शब्द काढू नकोस.

काळोख असा, की स्वतःचा हात दिसेना. कोंड जवळ आली. आणि मागून आवाज. नाकातला.

"धांकूं, टोंपलींत कांय रें?"

धाकू गप्प. चाल वाढवली. मागचीही चाल वाढली. चप, चप, चप. ओल्या पावलांची.

मग टोपली जड झाली. धोंडे भरल्यासारखी! मान खांद्यात गेली, तरी सोडली नाही. मग वाट चुकली. आंब्याचं झाड लागलं. पुढे गेला, पुन्हा तोच आंबा. आणखी चालला, पुन्हा तोच आंबा! चकवाच लागला, दुसरं काय.

आणि मग, ऐका, समोरून शेवंताची हाक.

"बाबा, तहान लागली हो!"

बापाचं काळीज ते. धावला. पावलांना गार लागलं. मग गुडघ्यांना. मग कमरेला. शेवंता कुठली! हा कोंडीत उभा! कुणीतरी पाय धरून खाली खेचलं. टोपली गेली, नाकातोंडात पाणी गेलं. बुडता बुडता धाकूनं हात मारला, तर मुठीत आली एक बुळबुळीत शेंडी.

गिऱ्हा होता तो! बुडून मेलेल्याचं भूत. अंगात बळ दहा रेड्यांचं. पण त्याची शेंडी हाती लागली, की मग ते तुमचं ऐकतं. आणि पकड सुताराची! धरली ती धरली, आणि तिच्याच आधारानं डोकं पाण्यावर काढलं.

"सोंड रें!"

"आधी माझ्या विहिरीचा वास घालव!"

गिऱ्हा असा चिडला म्हणता! "वांस? मेंल्या, तो तूंच घातलांस! तुझ्या आंजापासून मीं त्या विहिरींत रांहत होतों. कुणाला त्रांस दिला? फणसाचा पांला कुजला होता नुसता. उपसलीं असतीस तर गेंला असता. तूं वरून अंडीं टाकलींस! भांत टाकलास! घंर सोडून पळालों मीं. आणि आंज पुन्हा टोंपली!"

"मग नाकात का बोलतोस?"

"नांक दांबलंय म्हणून!"

धाकूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण गिऱ्हा तो गिऱ्हाच. लाडात येऊन म्हणतो, "आंता शेंडीं सोड, मग कांठावर नेंतो."

"आधी काठ. मग शेंडी."

काठ आला. धाकूनं एक पाय कोरड्यात टाकला, शेंडी सोडली आणि जी धूम ठोकली! मागून झडप आली. गिऱ्ह्याच्या हाती कमरेचा पंचा राहिला. वीतभर मागे असता तर धाकूच राहिला असता.

बायको दारात. "अगो बाई, पंचा कुठे?"

"पंचा राहू दे. दोर आणि घमेली काढ!"

सकाळी सगळी वाडी उपशाला. दोन दिवस उपसा चालला. टरफलं निघाली, काळेठिक्कर नारळ निघाले, कुजका पाला निघाला. बायकांनी नाकाला पदर लावले, पण दोर कुणी सोडला नाही. चिरे काथ्यानं घासले, झरे मोकळे केले, विहिरीवरची फणसाची फांदी तोडली. नवं पाणी चढलं, त्यात पाणी शुद्ध करायचं जांभळं पोटॅश टाकलं, तेही पाणी उपसून फेकलं. तरी रविवारी जरासा वास होताच! धाकूनं कपाळाला हात लावला. बायको मात्र खचली नाही. या हंड्यातून त्या हंड्यात, उंच धार धरून पाणी ओतत बसली. मग वर पातळ फडकं बांधून हंडा रात्रभर उघड्यावर ठेवला.

सोमवारी बैलगाडी आली. विहीणबाईनं शेवंताला गाडीतच बसवलं आणि एकटी उतरली. तांब्या घेतला. हुंगला. सगळी वाडी श्वास रोखून उभी. एक घोट घेतला. थांबली. मग घटाघटा सगळा तांब्या रिकामा केला आणि गाडीकडे बघून म्हणाली,

"शेवंते, उतर गो खाली."

काय सांगू, धाकू तिथेच रडला. पोरगी झाली शेवंताला, चांगली गुटगुटीत.

गिऱ्हा? तो नाही परतला विहिरीत. माणसांचा भरवसा नाही म्हणतो. अजून कोंडीतच आहे, आणि पंचा गुंडाळून बसतो म्हणे. म्हणून सांगतो, काळोख पडला की त्या वाटेला पाऊलसुद्धा टाकायचं नाही! धाकू सुटला तो हाताला शेंडी लागली म्हणून. तुमच्या हाताला लागेलच असं नाही.

चला, उठा आता. उद्या आपली विहीर उपसायची आहे, पहाटे सगळे हजर पाहिजेत. जो येणार नाही, त्याला मी कोंडीच्या वाटेनं अंडी आणायला धाडीन.