वाटेल तेव्हा सांगेन

मुलगी: मान मागे, बाबा. आणि डोळा मिटायचा नाही.

वडील: थेंब दिसला की आपोआप मिटतो. त्यात माझा काय दोष?

मुलगी: मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी बरे शूर होतात!

वडील: तेव्हा बधिर केलं होतं. झालं का? हे पाणी औषधाचं आहे हं.

मुलगी: मी कुठे काय म्हटलं?

वडील: गंमत सांगू? नव्या डोळ्याने ही भिंत पांढरी दिसते, जुन्याने पिवळी. ऑपरेशनआधी कोणी विचारलं असतं, तर शपथेवर पिवळी सांगितली असती.

मुलगी: दुसऱ्या डोळ्याचंही होईल आता.

वडील: तुझ्या लग्नाचं असंच झालं बघ.

मुलगी: पुन्हा नको, बाबा.

वडील: ऐक तर. तुला हात धरून आत न्यायला कोट घालून चर्चच्या दारापर्यंत आलो होतो. मन ग्वाही देईना. वाटलं, देवच अडवतोय. फिरलो मागे. तो देव नव्हता गं, माझा ताठा होता. देवाचं नाव दिलं की ताठासुद्धा भक्ती वाटतो. माफ करशील मला?

मुलगी: मी एकटी चालत आत आले, बाबा. सगळे माझ्या शेजारची रिकामी जागा बघत होते.

वडील: हो.

मुलगी: वाटेल तेव्हा सांगेन. तोंडदेखलं म्हणणार नाही.

वडील: नकोच तोंडदेखलं. मी काय, इथेच आहे. उद्या ये थेंबांना.

(दफन आटोपल्यावर. तीच खोली. आत्या औषधं पिशवीत भरते आहे.)

आत्या: तू थेंब घालून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली, तर झोपेतच गेलेला. जन्मभर माझा भाऊ कुठे वेळेवर पोहोचला नाही. तिथे मात्र घाई!

मुलगी: आत्या, मी ‘माफ केलं’ म्हटलं नाही म्हणून तर...

आत्या: काहीतरीच! हृदय बंद पडलं त्याचं. डॉक्टरांनी सांगितलं ना?

मुलगी: सांगितलं. तरी आतून सारखं वाटतं, मीच मारलं.

आत्या: वाटू दे. वाटण्यावर कोण बंदी घालणार? पण मनाला न्यायाला कशाला बसवतेस? मन दोषी म्हणालं, म्हणून देव म्हणेल असं नाही. तो मनापेक्षा मोठा आहे. बापाला मनाने फसवलं, आता लेकीला फसवतंय. घराणंच तसलं!

मुलगी: पण राग अजून आहे गं. शवपेटीपाशी उभी होते, तेव्हाही होता. विश्वास ठेवणारी माणसं अशी असतात?

आत्या: अशीच असतात. राग घेऊन सकाळ-संध्याकाळ दोन बस बदलत कोण यायचं? त्याची पापणी धरून कोण बसायचं? तुझे हात केव्हाच माफ करून मोकळे झाले. मन मागे राहिलंय. येईल रडतखडत.

मुलगी: आता म्हणून काय उपयोग? त्यांना कुठे ऐकू जाणार?

आत्या: ते मला ठाऊक नाही. देवाला जाईल, एवढं ठाऊक आहे. चहा ठेवते मी.

मुलगी: जाऊ नकोस. बस जरा.

आत्या: बसले.

मुलगी: बाबा... अजून तसं वाटत नाहीये. तरी सांगते. मी तुम्हाला माफ केलं.