सासू चारी चाकांवर

...नाही, पण मी म्हणते, जगात नावांचा दुष्काळ पडलाय का हो? वाघ आहे, वादळ आहे, तुफान आहे, अगदीच काही नाही तर बजरंग आहे... आणि माझ्या सुनेनं स्वतःच्या हातानं बांधलेल्या गाडीवर, लालभडक रंगात, वळणदार अक्षरात लिहिलं काय? 'सासू'! मी विचारलं, "का गं बाई, मी काय घोडं मारलं तुझं?" तर खाली मान घालून म्हणते, "आई, कुणापुढं माघार घेत नाही ना, म्हणून." आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा! शिवी म्हणावी तर कौतुक, कौतुक म्हणावं तर पुढच्या बाजूला हे एवढाले दात रंगवलेत! तक्रार करायला जागा ठेवली नाही हो पोरीनं!

गाडी म्हणजे बसायची नाही बरं का. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल गोजाबाईच्या दारात ट्रक उभा राहिला. ही रिमोटची. मॉन्स्टर ट्रक म्हणतात तिला. अंग थोराड बोक्याएवढं आणि चाक मात्र एकेक नारळाएवढं. आपण रिमोट धरून लांब उभं राहायचं, आणि ती तिकडं मातीचे ढिगारे चढणार, हवेत उडणार, धुरळा काढणार. आणि त्याच्या शर्यती असतात! मोठमोठे बाप्ये, पोटं सुटलेले, दाढ्या पिकलेले, रिमोट धरून जीभ बाहेर काढून उभे असतात. त्यात आमची एकटी प्राजक्ता. लांबच्या औशाची पोर, डिप्लोमा झालेली, चाकणला शॉकअप बनवायच्या कंपनीत तपासणीला आहे. दिवसभर मोठ्या गाड्यांचे शॉकअप नापास करायचे आणि घरी येऊन छोट्या गाडीचे पास होईस्तोवर उठायचं नाही!

शेजारच्या शालनबाईंना तर विषयच मिळाला. "गोजाबाई, लेकरू कधी? खेळणी तर आधीच आली!" मी म्हटलं, "शालनबाई, तुमची सून मिक्सरचं झाकण लावायला नवऱ्याला हाक मारते, आमची अख्खा मिक्सर खोलून चहा उकळायच्या आत जोडते. जा घरी!" आता तोंडावर म्हटलं, पण मनात म्हटलं, काहीतरी खोड असेलच की सुनेत, बघू. बघितलं हो! भाकरी बघितली, कंपासनं काढावी अशी गोल. डाळीत मीठ बघितलं, मोजून. झाडू बघितला, कोपऱ्यात केस नाही. आमच्या समाधानला, म्हणजे माझ्या पोराला विचारलं, "तुझ्याशी तरी भांडती का?" तर म्हणाला, "भांडती की, पण तिचंच बरोबर असतं." तक्रार करायला जागा ठेवली नाही हो पोरीनं!

आणि गाडी काय दुकानातून डब्यात आणलेली नाही. सांगाडा भोसरीत कापून घेतला, अॅल्युमिनियमचा. मी सोबत गेले होते. लेथवाला कागद फिरवून फिरवून बघतोय. "ताई, हे कशाचं म्हणायचं?"

"सासूचं."

"सासूचं काय?"

"कणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या पाठीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मोडला व्हय हो काकूंचा?"

घरी आल्यावर शॉकअप. चार चाकांना चार, बोटाएवढे, आत तेल भरायचं इंजेक्शनच्या सिरिंजनं. आणि तेलात एक बुडबुडा राहता कामा नये. ही बाई ओट्यापाशी बसून बुडबुडे वर यायची वाट बघते, आणि मी शेजारी भांडी लावतेय तर म्हणते, "आई, श्वास जरा हळू घ्या." माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी, मी श्वास हळू घ्यायचा! आणि घेतला हो मी! मग गाडी हातभर उंचीवरून सोडायची, थप्प, आणि वहीत लिहायचं. उसळली. पुन्हा तेल बदल, पुन्हा थप्प. घसरली. पुन्हा थप्प. आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात थप्प थप्प! शेवटी मीच भाकरी थापता थापता मागं न बघता ओरडायला लागले, "तेल पातळ झालं गं! आता फार घट्ट! हां, आत्ताचं बरं वाटतंय!" तर तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आई, आमच्या कंपनीत याला मशीन आहे. तुमच्याएवढं बरोबर सांगत नाही." आता अशा पोरीला... जाऊ द्या!

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या निघोज्यात घरामागं दोन गुंठे मोकळे; मागचं-पुढचं सगळं दोघा भावांत सामाईक. तिथं हिनं फावड्यानं माती ओढून ट्रॅक केला, वळणं केली, मधोमध एक उंच उडी केली. आणि आमचे धाकटे दीर, चिमाजी भावजी, त्या दोन गुंठ्यांवर डोळा ठेवून! खोल्या बांधायच्या, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. एके दिवशी ओसरीवर येऊन बसले. "वहिनी, निघोज्यात कोण वावभर जागा मोकळी ठेवतंय का? आठ खोल्या बसत्यात हितं, आन् तुमची सून ढिगारे घालून उंदरं पळवती!"

"काका, ती गाडी आहे," प्राजक्ता म्हणाली.

"गाडी? आगं रोज बघतोय की म्या. सदान्‌कदा उलटी पडल्याली आसती, झुरळावानी, चाकं वर करून! कंदी चारी चाकांवर उतरल्याली दाखव मला."

आणि खरं सांगू? तेवढंच एक खरं होतं. बाकी सगळं जमलं, पण मोठ्या उडीला गेली की गाडी हवेत नाक वर करायची, आणि धप्पकन पाठीवर. हिनं स्प्रिंगा बदलल्या, बॅटरी सरकवली, सगळं केलं, पण नाक काही खाली येईना. म्हणून तर पोरीला ते बोलणं झोंबलं. म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी माण गावात शर्यत आहे. फायनलला एकदाही उलटली नाही तर?"

"तर त्या मागच्या जागेला म्या हात लावणार न्हाई, शब्द हाय माजा. आन् उलटली तर सोमवारी पाया खांदायचा. कबूल?"

"कबूल."

अहो, कबूल काय कबूल? मला विचारलं का कुणी? आमचे मालक तिथंच शेंगा फोडत बसलेले. मी म्हटलं, अहो, बोला की काहीतरी! तर म्हणाले, "शेंगा जरा खारट हायत." आणि मला एकदम काय वाटलं माहितीये? पोर शंभर कोसांवरून आली, घर आमचं, ओटा माझा, कपाट समाधानचं. तिचं स्वतःचं म्हणून जे काही आहे ते मागचे दोन गुंठे मातीचे ढिगारे! ते जर सोमवारी गेले... ती एक शब्द बोलली नसती हो. तेच मला नको होतं.

रविवारी माणला गेलो. आयटीच्या इमारतींच्या मागं मैदान, मांडव, भोंगा, आणि भोंग्यावर बोलणारा पोरगा, त्याला तर नुसतं नाव वाचूनच उकळ्या फुटलेल्या! "आता मैदानात येतेय सासू! सासूनं वेग घेतलाय! सासू हवेत!... सासू आडवी झाली, मित्रांनो, सासू आडवी झाली!" सगळं मैदान फिदीफिदी हसतंय, आणि मी तिथं उभी, नऊवारीत, डबा धरून! चिमाजी भावजी मोबाइल धरून शूटिंग करतायत. सकाळी तीन उड्या मारल्या, तिन्ही वेळा उताणी. तरी बाकीच्या वाटेवर ती अशी पळायची की फायनलला पोचली. शेवटच्या नंबरानं का होईना, पण पोचली.

जेवायच्या सुट्टीत ही बॅटरी चार्ज करायला गेली आणि गाडी माझ्यापाशी. मी म्हटलं, शालनबाईची दृष्ट लागलीये, दुसरं काही नाही. पिशवीत मी घरूनच ओवून आणलं होतं, एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा. नव्या गाडीला आपण बांधतोच की! दोऱ्यानं बांधलं पुढच्या बंपरला, दातांच्या खाली, आणि बसले साळसूदासारखी. ही आली, गाडी उचलली, आणि बघायच्या आधीच म्हणाली, "आई, नाकाला काय केलंत?" बघायच्या आधी! हातानं कळलं तिला! मला वाटलं आता फेकून देणार. तर तिनं बाजूच्या सरावाच्या ढिगाऱ्यावरून गाडी उडवली... चारी चाकांवर. पुन्हा उडवली. चारी चाकांवर! माझ्याकडं बघते, लिंबाकडं बघते, डोक्याला हात लावते. "आई, मी महिनाभर वजन मधल्यामध्येच सरकवायलेय. ते पार पुढं टोकाला पाहिजे होतं!" पिशवीतून वजनकाटा काढला. चौपन्न ग्रॅम, मिरच्या-बिब्ब्यासकट. दोरा सोडला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं करकचून बांधलं.

झालं! तिकडून निरंजन नावाचा एक आयटीवाला आला, बाहेरच्या देशातून मागवलेली गाडी, काळा चष्मा. "सर, हिनं गाड्यांची तपासणी झाल्यावर वजन लावलंय!" पंच आले. "हे काय आहे?" मी पुढं झाले. "लिंबू आहे! दिसत नाही का? दृष्टीचं आहे! तुमच्या मोटारीला नाही? आणि तुझ्या रे, चष्मेवाल्या, तुझ्या मोटारीच्या पुढं काय लोंबतंय, झुंबर?" सगळ्यांनी माना वळवून पार्किंगकडं बघितलं. जितक्या मोटारी तितकी लिंबं! पंच हसले. म्हणाले, "राहू दे, श्रद्धेचं आहे." मी म्हटलं, सुटलो!

पण आमची सूनबाई! पुढं होऊन म्हणते, "सर, आईंनी बांधलं तेव्हा ते दृष्टीचं होतं. मी घट्ट केलं तेव्हापासून वजन आहे. चौपन्न ग्रॅम. लिहून घ्या." अगं, लिहून घ्या काय! दिलं होतं की सोडून त्यांनी! पण नाही, कंपनीत खोटा शिक्का मारत नाही तर इथं मारेल? पंचांनी नियमाचा कागद काढला, वजन चालतं, पण तपासणीनंतर बदल केला तर सगळ्यांच्या मागून सुटायचं, तेही दहा सेकंद उशिरा. आणि गाडीच्या कागदावर लिहिलं, लिंबू, एक नग. खाली हिची सही. मला इतका राग आला, इतका राग आला... आणि छाती अशी भरून आली! तक्रार करायला जागा ठेवली नाही हो पोरीनं!

फायनल. सहा गाड्या, दहा फेऱ्या. पाच गाड्या गेल्या, सासू उभीच. मी आकडे मोजतेय. सुटली! आणि काय सुटली म्हणता! पहिली उडी, चारी चाकांवर. दुसरी, तिसरी, चारी चाकांवर. वळणावर बाकीच्या गाड्या उसळतायत, घसरतायत, आणि ही मातीला चिकटून, अशी अलगद, जणू कढईतून तेल ओतावं. भोंगा बोंबलतोय, "सासूनं एकाला मागं टाकलं! सासू ऐकत नाही! सासू अंगावर चालून येतेय!" नवव्या फेरीला तिसरी. चिमाजी भावजी माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "वहिनी, आता नुसती हळू न्हेली तरी जिताल पैज." बरोबर होतं की! जिंकायचं कुणाला होतं? उलटायचं नव्हतं फक्त! मी ओरडले, "प्राजे, हळू घे! हळू घे गं!" तिला ऐकू गेलं. नक्की गेलं, कारण तिनं माझ्याकडं बघितलं, हसली, आणि दिली रेस फुल्ल!

अहो, ती गाडी मोठ्या उडीवरून उडाली ती माणसाच्या डोक्याच्या वर. हवेत नाक वर यायला लागलं... थोडं आलं... अजून थोडं... आणि भावजींच्या हातातला मोबाइल खाली गेला, तेच ओरडले, "आगं दाब, ब्रेक दाब, पोरी!" मी डोळे मिटले. दोन गुंठे गेले, म्हटलं.

थप्प.

मी डोळे उघडले नाहीत. गरजच नव्हती. मी भावजींना म्हटलं, "चारी चाकांवर आहे."

दुसरा नंबर आला. निरंजनची पहिली आली, हातभर पुढं. प्राजक्ता येऊन माझ्या पाया पडली, तर मी तिचा कान धरला. "जागा पणाला लावून कुणी उडी मारतं का गं, भवाने?" तर म्हणते, "आई, हळू चालवायची असती तर बांधली कशाला असती?" आणि तो निरंजन, चष्मा काढून, हळूच विचारतोय, "काकू... अजून एक लिंबू आहे का?"

चिमाजी भावजी शब्दाचे पक्के. मागच्या जागेला हात लावला नाही. गेल्या महिन्यात आठच्या आठ खोल्या बांधल्या त्या पुढच्या अंगणात! मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतात, "वहिनी, पैज मागच्या जागेची हुती." आणि भाडेकरू पोरं ट्रॅक दिसतो तीच खोली पाहिजे म्हणून भांडतात! आता मी उडदाचे पापड वाळत घालायचे कुठं? घालते मागं, ट्रॅकवर. ही येते, रिमोट धरून, पदर नीट करून, किती गोड आवाजात म्हणते, "आई, वळणावरचे तेवढे अठरा पापड जरा डावीकडं घेता का?" आणि घेते हो मी! उठते, गुडघे धरून, एकेक पापड डावीकडं घेते, आणि भिंतीला चिकटून उभी राहते... काय करता, सासूला वाट द्यावीच लागते!